तोंडी सोय ही सोय नव्हे

बारावीपर्यंत माझ्यासाठी अर्ज कोण करायचं, केव्हा करायचं, हे मला कधी कळलंच नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यात जन्मापासून दोष आहे. चष्म्यानं तो सुधारत नाही. दहावीला आणि बारावीला सरांनीच बोर्डाचे कागद भरले, आईनं सही केली आणि परीक्षेच्या दिवशी लेखनिक शेजारी येऊन बसला. मला वाटलं, पुढेही असंच होईल.

पुढे सेलूहून परभणीला रेल्वेनं ये-जा करत मी बी. ए. करू लागले. प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना होता. तो मी रिकामा सोडला. नवा वर्ग, नव्या मैत्रिणी. पहिल्याच दिवशी ‘कमी दिसणारी’ ही ओळख मला नको होती. फळा दिसत नसताना दिसल्यासारखं करून बसायचे आणि रात्री मैत्रिणीच्या वहीचे फोटो मोबाइलवर मोठे करून उतरवून काढायचे.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा कार्यालयात जाऊन विचारलं. ‘‘लेखनिक ना? मिळतो की. कशाला काळजी करायलीस, ऐन वेळी बघू,’’ तिथले सर म्हणाले. बोलण्यात आपुलकी होती. मी निर्धास्त झाले.

पेपरच्या दिवशी अकरावीतल्या मावसबहिणीला लेखनिक म्हणून घेऊन गेले. केंद्रप्रमुखांनी परवानगीचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं, कारण अर्जच नव्हता. शब्द देणारे सर रजेवर होते. बहीण व्हरांड्यात थांबली आणि मी एकटी आत गेले. प्रश्नपत्रिका नाकाला टेकेल इतकी जवळ धरली तरी अक्षरं एकमेकांत मिसळत होती. समोरच्या खिडकीतला उजेड थेट डोळ्यांवर येत होता. उत्तरपत्रिकेच्या रेघा दिसत नव्हत्या, त्यामुळे ओळीवर ओळ चढत होती. शेवटची घंटा झाली तेव्हा येत असलेले तीन प्रश्न कोरे राहिले होते. त्या विषयात मी नापास झाले. ‘‘बाळा, तुला येत नव्हतं का गं?’’ आईनं विचारलं. येत होतं, हेच जास्त लागलं.

त्या सुट्टीत मी पहिल्यांदा माझा हक्क नीट वाचला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं येतात. शिक्षणसंस्थेनं प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यावी, असं कलम 16 सांगतं. परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक कलम 17 मध्ये आहेत. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे त्यांना सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे मी जे उपकारासारखं मागत होते, ते देणं संस्थेचं कर्तव्य होतं. पण कर्तव्याची आठवण करून द्यायलाही हातात कागद लागतो. शाळेत सोय आपल्यापर्यंत चालत येते, महाविद्यालयात आपल्याला तिच्यापर्यंत चालत जावं लागतं. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीसाठी रुग्णालयात जायचं. तपासणी कोणत्या वारी असते ते विचारूनच निघा, नाहीतर गावाकडून आलेल्या माणसाचा दिवस आणि भाडं दोन्ही वाया जातं. कार्ड हाती आलं म्हणजे काम झालं, असंही समजू नका. मी तिथेही अडखळले. परीक्षांसाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अंधत्व, दोन्ही हातांचं दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक मिळतो. माझ्यासारख्या अल्पदृष्टी असलेल्यांना मात्र ‘लिहिण्यात अडचण आहे, लेखनिक आवश्यक आहे’ असं जिल्हा शल्यचिकित्सकांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते परीक्षेच्या आठवड्यात धावत जाऊन मिळत नाही.

वाढीव वेळेचा हिशेब त्याच सूचनांत आहे: तासाला किमान 20 मिनिटं. दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं, तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक आपला नेणार असाल तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा कमी हवं. संस्थेनं दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता येतं. ही भेट नक्की घ्या. त्याचं वाचन कसं आहे, आपण सांगतो ते शब्द त्याला लिहिता येतात का, हे पेपर सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही. नियम बदलत असतात, तेव्हा दर वर्षी परीक्षा विभागाकडून नवं परिपत्रक मागून घ्या.

ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली आहे त्यांनीही मागे फिरू नये. लिहिताना हात आखडणाऱ्या विकाश कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 11 फेब्रुवारी 2021 रोजी स्पष्ट केलं, की लिहिण्याची अडचण असेल तर 40 टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येत नाही. त्यानंतर 2022 मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठीही सूचना निघाल्या.

अर्ज सत्र सुरू होताच करा. प्राचार्यांच्या नावे, एका पानाचा. ‘मला मदत मिळावी’ एवढंच लिहू नका. काय हवं ते मोजून लिहा. मी दुसऱ्या वर्षी लिहिलं: लेखनिक, तासाला 20 मिनिटं, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, खिडकीकडे पाठ होईल अशी जागा, तासाचं रेकॉर्डिंग करण्याची परवानगी. जिन्याची अडचण असेल तर तळमजल्यावरची खोली मागा. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी हाच अर्ज परीक्षा विभागापर्यंत पोचला का, तेही विचारा. वर्षभराच्या वाचनासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आणि सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती पोच हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी स्मरणपत्र द्या. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथेही दाद लागली नाही तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. पोच हातात असली की आवाज चढवावा लागत नाही.

राहिलेला पेपर मी पुढच्या सत्रात दिला. या वेळी परवानगीचं पत्र चार दिवस आधीच हातात होतं. मी सांगत गेले, बहीण लिहीत गेली, आणि घंटा व्हायच्या आधी तिनं सगळी उत्तरं मला एकदा वाचून दाखवली. पास झाले. अर्जाची ती पोच आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. शिक्क्यावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण जांभळा ठसा दिसतो.

हे सगळं पहिल्याच वर्षी जमलं असतं. तारखा चुकल्या, कागद नव्हते, ते खरंच. पण सुरुवात लाजेतून झाली होती. यंदा प्रवेश घेत असाल तर अर्जातला तो रकाना रिकामा सोडू नका.