प्रकल्प कोणाचा? विद्यार्थी, तंत्रज्ञान आणि विचारशक्ती

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हा डॉक्टरांना वरचेवर येतो. थर्माकोलचे हृदय, बटण दाबताच पेटणारे दिवे, संगणकावरून उतरवून घेतलेली माहिती असे सारे तेथे नीटनेटके मांडलेले असते. मात्र ‘हे करताना तुला कोणता प्रश्न पडला?’ असे विचारताच विद्यार्थी गप्प होतो. उपकरण असते, प्रश्न नसतो. तंत्रज्ञानाधारित प्रकल्पातून विचारशक्ती वाढावी अशी आपली इच्छा असेल, तर प्रकल्पाचा प्रारंभ मुलाच्या स्वतःच्या प्रश्नापासून व्हावयास हवा, हेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बौद्धिक उद्दिष्टांची श्रेणी मांडली. २००१ मधील तिच्या सुधारित रूपात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्जन अशा सहा पायऱ्या आहेत. वैद्यकीय व्यवसायात त्यांचा प्रत्यय रोज येतो. औषधांची नावे पाठ असणे हे स्मरण होय. परंतु एकाच तापाची चार संभाव्य कारणे समोर ठेवून त्यांतील तीन सकारण वगळणे, हे विश्लेषण व मूल्यमापन होय. आपल्या परीक्षा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात.

वरच्या पायऱ्या हाताने काम करून चढता येतात, हे महाराष्ट्रात एका संस्थेने दाखवून दिले आहे. इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी. आणि हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेली मुले तेथे वेल्डिंग, शेती, बांधकाम शिकली. माती-पाण्याचे परीक्षण, रक्तगट व हिमोग्लोबिनची तपासणी हेही अभ्यासक्रमात आले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले, परंतु गावाची गरज हाच पाठ, हे त्यांचे सूत्र आजही मार्गदर्शक आहे.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात अशा प्रश्नांची वाण नाही. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे असून त्याखाली काळा पाषाण आहे. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी पाषाणावर अडते. याच गुणाचा उपयोग करून बहमनी काळात नौबाद येथील भुयारी जलमार्ग, अर्थात सुरंग बावी, खोदण्यात आला. आता आठवीच्या मुलांना एकच प्रश्न द्यावा: गावातील एक विहीर मार्चमध्ये आटते आणि दुसरीला मेपर्यंत पाणी राहते, ते का? दोरीला वजन बांधून मुले दर आठवड्यास पातळी मोजतील, संगणकावर आलेख काढतील. विहिरींची उंची मोबाइलवर पाहतील, तेव्हा एकाच जागी दोन दिवशी दोन आकडे दिसतील. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा, हा विचार येथे सुरू होतो. मग एखादा विद्यार्थी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणून दोन कठड्यांच्या उंचीतील फरक काढील. महागड्या यंत्राची चूक साध्या साधनाने पकडणे, याहून उत्तम मूल्यमापन कोणते?

दुसरा प्रकल्प आपल्याच क्षेत्रातला. २०२० च्या महामारीत पल्स ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. थंड बोट, गडद नखरंग, हाताची हालचाल यांमुळे त्याचा आकडा फसवा येऊ शकतो. मुलांनी ते पडताळून पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच व्यक्तीचे दुसरे बोट तुलनेस घ्यावे आणि प्रत्येक नोंद तीनदा करावी. नियंत्रित प्रयोगाचे तत्त्व यातून व्याख्यानाविना समजते. माणसांवरील मोजमापात संमती घ्यावी, नावे उघड करू नयेत, हा संस्कारही येथेच व्हावा.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून निवडक शाळांना त्रिमितीय मुद्रणयंत्रे व संवेदक मिळू लागले. ते स्वागतार्हच आहे, परंतु साहित्य आले म्हणजे विचार आला असे नव्हे. आपल्या मुलांना घरी मराठी, बाहेर कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी तिहेरी कसरत करावी लागते. न समजलेले पाठ करण्याचा मोह त्यामुळेच बळावतो. म्हणून प्रकल्पाची नोंदवही मुलाने ज्या भाषेत विचार केला त्या भाषेत लिहू द्यावी, अंतिम अहवाल हव्या त्या भाषेत व्हावा. गुण देताना सजावटीपेक्षा फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींना अधिक मान द्यावा.

आपल्या सभासदांपैकी प्रत्येकाने जवळच्या एका शाळेला वर्षातून चार तास दिले, तरी पुष्कळ घडेल. तेथे भाषण करू नये. मुलांचा आलेख हाती घेऊन ‘तुला हे कशावरून वाटते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उद्या याच मुलांपैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी शेतकरी, कोणी रुग्ण. समोर आलेला आकडा तपासून पाहण्याची सवय या तिघांच्याही कामी येणारी आहे.