घटक ५ : वारसा-संरक्षणाच्या कायद्यांचे वाचन

५.१ प्रास्ताविक

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस डोंगरमाथ्यावर एक तीन मजली, अष्टकोनी दगडी वास्तू उभी आहे. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर होय आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत तिची नोंदही कबर म्हणूनच आहे. या यादीत ‘महाल’ शोधणाऱ्यास काही सापडणार नाही आणि वास्तू असंरक्षित असल्याचा चुकीचा निष्कर्ष तो काढील. म्हणून वारसाविषयक कायद्याच्या अभ्यासाचा आरंभ शब्दांच्या अभ्यासापासून करावा लागतो.

५.२ नावाचा शोध

एखाद्या वास्तूचे लोकप्रचलित नाव, दप्तरी नाव आणि ग्रंथांतील नाव वेगवेगळे असू शकते. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये बदलले. जुन्या अधिसूचना मात्र ‘अहमदनगर’ या नावानेच आहेत. दोन्ही नावांनी शोध घ्यावा. वास्तूच्या जुन्या नावांसाठी १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहमदनगर जिल्ह्याचा गॅझेटियर उपयुक्त ठरतो. परंतु गॅझेटियरमधील वर्णन म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे, हे लक्षात ठेवावे.

५.३ यादी कोणाची?

आपल्या राज्यघटनेने हा विषय विभागून दिला आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राकडे, तर इतर प्राचीन व ऐतिहासिक स्मारके राज्याकडे येतात. त्यानुसार पुढील कायदे पाहावेत :

(अ) केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. याची अंमलबजावणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते.

(आ) याच विषयावरील महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम. यासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे.

(इ) महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. याच्या आधारे शहरांच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा-वास्तूंची यादी करता येते. मुंबईत १९९५ मध्ये असे नियम लागू झाले.

अनेक स्मारकांना प्रथम संरक्षण मिळाले ते १९०४ च्या कायद्यान्वये. त्यामुळे केवळ १९५८ नंतरची राजपत्रे पाहून शोध थांबवू नये.

५.४ व्याख्येचे वाचन

१९५८ च्या अधिनियमानुसार ‘प्राचीन स्मारक’ ठरण्यासाठी वास्तू ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची असावी आणि किमान १०० वर्षे अस्तित्वात असावी. येथील दोन उभयान्वयी अव्यये नीट पाहा. ‘किंवा’मुळे तीनपैकी एक गुण पुरेसा होतो, ‘आणि’मुळे वयाची अट मात्र टळत नाही. व्याख्येच्या पुढील भागात ‘यात समावेश होतो’ अशा अर्थाची रचना येते. तिने अर्थाची कक्षा वाढते : स्मारकाची जागा आणि तेथे जाण्याची वाटही ‘स्मारक’ या शब्दात येते.

तथापि ‘प्राचीन’ म्हणजे ‘संरक्षित’ नव्हे. तीनशे वर्षांची बारवही केवळ वयामुळे संरक्षित होत नाही. त्यासाठी शासनाची घोषणा लागते. केंद्राच्या कायद्यात घोषणेपूर्वी दोन महिन्यांची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून तिची प्रत स्मारकाजवळ लावतात. त्या मुदतीत कोणाही हितसंबंधित व्यक्तीस हरकत नोंदवता येते.

५.५ क्षेत्राची मर्यादा

२०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर ‘प्रतिबंधित’ आणि त्यापुढील २०० मीटर ‘विनियमित’ क्षेत्र ठरवले. हे अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात, वास्तूच्या भिंतीपासून नव्हे. या एका शब्दयोगी अव्ययावर शेजारच्या कुटुंबाचे घरबांधणीचे स्वप्न अवलंबून असते. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामास मनाई आहे. जुन्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. हा भेद ठाऊक नसल्याने कोणी विनाकारण गळके छत सोसतो, तर कोणी नकळत गुन्हा करून बसतो. संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

५.६ सारांश

वास्तूचे दप्तरी नाव, यादी करणारी संस्था, मूळ अधिसूचना, व्याख्येतील शब्द आणि क्षेत्राची हद्द या क्रमाने शोध घेतल्यास अभ्यास नेमका होतो. कोणत्याच यादीत नाव नसलेल्या वास्तूसाठी हाच शोध तिच्या संरक्षणाच्या अर्जाचे पहिले पान ठरू शकतो.

५.७ स्वाध्याय

१. ‘प्राचीन स्मारक’ आणि ‘संरक्षित स्मारक’ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.

२. कायद्याच्या व्याख्येत ‘किंवा’ व ‘आणि’ यांचे कार्य कोणते, ते लिहा.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखादी वेस, बारव, वाडा किंवा समाधी निवडा. गावातील वडीलधाऱ्यांकडून तिची प्रचलित नावे नोंदवा, दोन्ही शासनांच्या याद्यांत ती आहे का ते पाहा आणि आपला निष्कर्ष दोनशे शब्दांत मांडा.