गावाच्या वतीने उभा राहणारा वकील

बारावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरकडे दोन वाटा ठरलेल्या असतात. एक एमआयडीसीची, दुसरी मुंबईची. अशा घरात मुलगी ‘मी लॉ करते’ म्हणाली की वडील गप्प होतात आणि आई शेजारणीला विचारते, ‘वकिलीत पोट भरतं का गं?’ शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण ऐकत आलो. एकट्याने चढू नये, एवढं मात्र मलाही पटतं. म्हणूनच अनेकांच्या वतीने एकत्र लढवायच्या दाव्यांची माहिती इथे देतो.

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि शोध थांबला तेव्हा सगळ्यांचे देह हाती लागले नव्हते. अशा वेळी कागदांचं काम कसं असतं? सातबारावर अजून आजोबांचं नाव, आधारवर आडनाव वेगळं लिहिलेलं, एक वारस गावात तर दुसरा मुंबईत. बेपत्ता माणूस मृत मानायला कायदा एरवी सात वर्षं थांबतो. तळीयेला मदत सरकारी आदेशातून आली, दाव्यातून नव्हे. पण प्रत्येक घराची अशी यादी चोख ठेवता येणं हाच सामूहिक दाव्याचा पाया आहे.

त्याची मुख्य तरतूद दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 मधल्या आदेश 1, नियम 8 मध्ये आहे. सारखं हित असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघे दावा लावू शकतात, पण आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मग वादीच्या खर्चाने सगळ्यांना नोटीस जाते. माणसं फार असतील तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. ज्याला वाटतं आपली बाजू नीट मांडली जात नाही, तो स्वतः पक्षकार होण्याचा अर्ज करू शकतो. दावा मागे घ्यायचा किंवा तडजोड करायची तर पुन्हा सगळ्यांना कळवावं लागतं. पुढाऱ्याने परस्पर मिटवलं, असं चालत नाही. पुढे उभा राहिलेला माणूस ढिला पडला तर न्यायालय त्याच्या जागी दुसरा नेमू शकतं. आणि निकाल सर्वांना बांधतो, सही न केलेल्यालाही.

महाडला हे नवं नाही. डिसेंबर 1927 मध्ये काही सवर्णांनी आपल्या समाजाच्या वतीने चवदार तळ्याचा दावा महाडच्या न्यायालयात लावला. समोर अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी होते. सव्वानऊ वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने वादींचं अपील फेटाळलं. तळं फक्त आपलंच, अशी अनादी वहिवाट त्यांना सिद्धच करता आली नव्हती. प्रातिनिधिक दावा दुबळ्यांचंच हत्यार असतं, असं कुणी सांगितलं तर हा खटला आठवावा.

आज बिल्डरने फसवलेले सदनिकाधारक ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करू शकतात. भागधारक आणि ठेवीदारांसाठी कंपनी कायदा 2013 चं कलम 245 आहे.

आता वाटेविषयी. बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. मुंबई-पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही. सनदेच्या नोंदणीसाठी खुल्या वर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठरवलं. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. न्यायाधीश व्हायचं असेल तर 2025 च्या निकालाप्रमाणे आधी तीन वर्षं वकिली हवी.

पैशाचं स्पष्ट सांगतो. अमेरिकेतल्यासारखा भरपाईतला वाटा फी म्हणून घेणं आपल्याकडच्या वकिलाला मना आहे. नुसत्या सामूहिक दाव्यांवर तालुक्यात संसार चालणार नाही. जमिनीचे, वारसाचे, अपघाताचे दावे सोबत करावेच लागतात. पहिली काही वर्षं ज्येष्ठांच्या हाताखाली तुटपुंज्या पैशात जातात. घरात तेवढी तयारी नसेल तर मुलीला भरीला घालू नका.

कोण शोभतं या कामाला? वक्तृत्वाची ढाल जिंकणारीच हवी असं नाही. ग्रामसभेत भांडणारी दोन्ही माणसं ऐकून घेणारी, साठ घरांच्या सह्या गोळा करताना एकही नाव न चुकवणारी मुलगी मला जास्त लायक वाटते. कोर्टात मराठी चालते, पण वरच्या न्यायालयासाठी इंग्रजी लागेलच. ती आत्तापासून वाचायला लागा.

आणि एक. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे आपत्तीग्रस्तांना मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. मे महिन्याची सुट्टी संपली की मुलीला घेऊन एकदा तिथे जा, आणि मग सीईटीचा निर्णय घ्या.