लहान दुकान आणि त्याचें संकेतस्थळ

“बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहींत,” अशी एक म्हण आपल्याकडे प्रचारांत आहे. ही म्हण आठवड्याच्या बाजारांत जन्मास आली असावी. तेथें गिऱ्हाईक समोर उभें असतें, माल पोत्यांत उघडा असतो, आणि विक्री पुष्कळशी दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून असते. आज गिऱ्हाईक बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वींच मोबाईलवर चौकशी करतें. दुकान कोठें आहे, केव्हां उघडतें, माल कसा आहे, भाव काय आहे, हे त्याचे प्रश्न असतात. त्यांस उत्तर मिळालें नाहीं तर तें पुढच्या दुकानाकडे वळतें. सबब लहान व्यापाऱ्यानें इंटरनेटवर आपली जाहिरात कशी करावी, आणि एकदां उभारलेल्या संकेतस्थळाची निगा कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत काम करीत असतां टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें १९८९ सालीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडिली, व १९९१ सालीं जगांतील पहिलें संकेतस्थळ लोकांस खुलें झालें. भारतांत सर्वसामान्य जनतेस इंटरनेटची सोय विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं करून दिली. त्या काळीं संकेतस्थळ ही मोठ्या कंपन्यांची मिरासदारी होती. आज तें किराणा दुकानदार, शिंपी, रोपवाटिकेचा मालक यांच्याही आवांक्यांत आलें आहे.

साधन नवें असलें तरी त्यामागील तत्त्व जुनेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर प्रथम बाजारांत आणला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशा समजुतीनें शेतकरी तो घेण्यास कचरत, असें सांगतात. पुढें १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक निघूं लागलें. कारखान्याची व तेथील मालाची माहिती त्यांतून गिऱ्हाइकांपर्यंत पोंचे, आणि कालांतरानें तें मराठी घरांत आवडीनें वाचलें जाणारें मासिक झालें. गिऱ्हाइकाच्या मनांतील शंकांचें नेमानें व खरेपणानें समाधान करीत राहणें, हेंच जाहिरातीचें उत्तम स्वरूप होय. संकेतस्थळाकडूनही आपणांस हेंच काम करून घ्यावयाचें आहे.

संकेतस्थळाची रचना दुकानाच्या दृष्टांतानें सहज कळेल. त्याच्या नांवास डोमेन म्हणतात. ती दुकानावरील पाटी होय. नांवाच्या शेवटीं ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ असें कांहीं असतें. २०१४ सालापासून देवनागरी लिपींत ‘.भारत’ असाही शेवट घेतां येतो. होस्टिंग म्हणजे दुकान मांडण्यासाठीं भाड्यानें घेतलेली जागा. आणि मजकूर व छायाचित्रें हा आंत मांडलेला माल. पाटी व जागा या दोहोंचें भाडें निरनिराळें असतें, व तें मुदत संपण्यापूर्वीं भरावें लागतें. पुष्कळदां असें घडतें कीं, संकेतस्थळ तयार करणारा कारागीर डोमेन आपल्याच नांवें नोंदवितो. पुढें तो गांव सोडून गेला कीं पाटीही त्याच्याबरोबर जाते. यास्तव नोंदणी दुकानदाराच्या स्वतःच्या नांवें व स्वतःच्या ईमेलवरच असावी.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, आपल्या नायगावांत एका गृहस्थाचा लाकडी घाणा आहे. करडईचें व भुईमुगाचें तेल तो काढतो, आणि पेंड गुरांसाठीं विकतो. नांदेडहून देगलूरकडे जाणारीं वाहनें त्याच्या दारावरून जातात. त्यानें संकेतस्थळावर आपला पत्ता नुसता ‘नायगाव’ एवढाच लिहिला तर काय होईल? सावित्रीबाई फुले यांचें जन्मस्थान असलेलें नायगाव सातारा जिल्ह्यांत आहे. मुंबईंत दादरनजीक एक नायगाव आहे. वसईजवळ रेल्वेचें स्थानक असलेलें आणखी एक आहे. नुसतें नांव टाकून शोध करणाऱ्यास हींच ठिकाणें आधीं दिसण्याचा संभव फार. म्हणून ‘नायगाव (खैरगाव), जिल्हा नांदेड’ असा पूर्ण पत्ता पिन क्रमांकासह द्यावा. जुन्या वळणाचा मनुष्य ‘नायगांव’ असा अनुस्वार देईल, आणि रोमन लिपींत तर हेंच नांव दोनतीन प्रकारें लिहिलें जातें. यांपैकीं सरकारी कागदांतील एकच रूप पत्करावें. आणि दुकानाची पाटी, पावती, गूगलच्या नकाशावरील नोंद व संकेतस्थळ या सर्व ठिकाणीं तेंच नांव, तोच पत्ता व तोच दूरध्वनि क्रमांक ठेवावा. गांवाच्या नांवास किती मोल येऊं शकतें, याचा दाखला शेजारच्या लातूर जिल्ह्यांत मिळतो. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्तीची कोथिंबीर यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन प्राप्त झालें. तेथें गांवाचें नांव हीच मालाची ओळख ठरली आहे.

येथें कोणी विचारील कीं, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम हीं साधनें विनामूल्य असतां स्वतःच्या संकेतस्थळाचा खर्च कशास करावा? प्रश्न रास्त आहे. ज्याचें सर्व गिऱ्हाईक एकाच गांवांतलें आहे, त्यास गूगलच्या नकाशावरील विनामूल्य नोंद व व्हॉट्सॲप बिझनेस एवढ्यानें आरंभीं काम भागेल. परंतु हीं साधनें म्हणजे दुसऱ्याचें अंगण आहे, हें विसरूं नये. २०२० च्या जून महिन्यांत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां ज्यांची सारी ओळख तेथेंच होती त्यांची ती एका रात्रींत पुसली गेली. गूगलनेंही लहान व्यावसायिकांस आपल्या नोंदींतून विनामूल्य संकेतस्थळ करून देण्याची सोय ठेविली होती. तीं सर्व स्थळें मार्च २०२४ मध्यें बंद करण्यांत आलीं. ज्यांच्यापाशीं स्वतःचें डोमेन होतें, त्यांस पाटी तीच ठेवून नव्या जागेंत दुकान मांडतां आलें. इतरांस पुनश्च प्रारंभ करावा लागला. तात्पर्य, दुसऱ्याच्या अंगणांत हाक जरूर द्यावी, पण गिऱ्हाइकास शेवटीं आपल्या घराचा पत्ता द्यावा.

मजकुराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या गांवीं मराठी मजकूर बहुधा छापखान्यांतून आलेला असतो. हस्तपत्रकासाठीं जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळविलेला मजकूर तसाच संकेतस्थळावर चढविला, तर वाचकास अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. सबब तो युनिकोडमध्यें नव्यानें लिहावा. भाव व वेळा चित्रांत कोरून ठेवूं नयेत. त्या अक्षरांत लिहाव्या, म्हणजे शोध घेणाऱ्यास सांपडतात व बदलण्यासही सोप्या जातात. छायाचित्रें आपल्याच मालाचीं, दिवसाउजेडीं काढलेलीं व आकारानें हलकीं केलेलीं असावीं. संकेतस्थळ तयार झाल्यावर तें मालकानें एखाद्या स्वस्त मोबाईलवर उघडून पाहावें. तें उघडण्यास विलंब लागला, तर गिऱ्हाईक तितका वेळ थांबत नाहीं. बिलोली, धर्माबाद व देगलूर हे तालुके तेलंगणाच्या सीमेस लागून आहेत; म्हणून आपल्या घाणेवाल्यानें चार ओळी तेलुगूंत व चार हिंदींत घातल्या तर त्या व्यर्थ जाणार नाहींत.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे निगेकडे येऊं. संकेतस्थळ मोठ्या हौसेनें उभारावें आणि मग त्याकडे ढुंकूनही पाहूं नये, ही चूक सर्वांत साधारण आहे. समजा, घाणेवाल्यानें दुपारीं दोन तास दुकान बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला, पण संकेतस्थळावर ‘सकाळीं ९ ते रात्रीं ८’ असेंच राहूं दिलें. देगलूरहून एक म्हातारा गृहस्थ लग्नाच्या तेलाची चौकशी करण्यास बसनें आला व कुलूप पाहून परत गेला. संकेतस्थळ नसतें तर तो निघण्यापूर्वीं कोणास तरी विचारता. लेखी शब्दावर विश्वास ठेवल्यामुळेंच त्याची फेरी फुकट गेली. शिळी माहिती ही माहिती नसण्याहून अधिक घातक होते, ती अशी.

याकरितां निगेचा नेम बांधून घ्यावा. आलेल्या चौकशीस त्याच दिवशीं उत्तर द्यावें. दर आठवड्यास भाव, वेळा व सुटीचे दिवस तपासावे. महिन्यांतून एकदां प्रत्येक दुवा दाबून पाहावा, आंतील प्रणाली अद्ययावत करावी, व सर्व मजकुराची एक प्रत निराळ्या ठिकाणीं जपून ठेवावी. डोमेन व होस्टिंग यांच्या मुदतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहावी. कारण मुदत टळलेलें नांव कालांतरानें दुसरा कोणीही घेऊं शकतो. संकेतस्थळाचें सुरक्षा-प्रमाणपत्रही चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. २०१८ सालापासून क्रोम हा ब्राउझर असें प्रमाणपत्र नसलेल्या स्थळास ‘सुरक्षित नाहीं’ असा शेरा देऊं लागला. आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून तें विनामूल्य मिळतें.

पैसे देऊन करावयाच्या जाहिरातींत संयम हवा. आरंभीं रक्कम लहान असावी, व ती जाहिरात आसपासच्या तालुक्यांपुरतीच मर्यादित करावी. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास “आपणांस आमची माहिती कोठें मिळाली?” असें विचारून उत्तर वहींत टिपावें. दोन महिन्यांनीं ती वही चाळली, म्हणजे कोणता खर्च फळला व कोणता वायां गेला हें कळतें. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवावयाचा तो ज्यानें संमति दिली त्यासच पाठवावा. ग्राहकांचे अभिप्राय खरे असावे. सोयऱ्याधायऱ्यांकडून खोटी स्तुति लिहवून घेणें हें मापांत मारण्यासारखेंच आहे. भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं अशा अभिप्रायांसाठीं एक स्वतंत्र मानकच प्रसिद्ध केलें. कोणी तक्रार लिहिली तर ती लपवूं नये; तिला सौम्य शब्दांत उत्तर द्यावें व चूक सुधारावी. पुढील गिऱ्हाईक तक्रारीबरोबर तें उत्तरही वाचतें.

शेवटीं एक इशारा. “तुमची गूगलवरील नोंद बंद होणार आहे, ताबडतोब पैसे भरा,” असे दूरध्वनि लुच्चे लोक करतात. ती नोंद विनामूल्य असते, हें ध्यानांत ठेवावें. यूपीआयचा गुप्त पिन पैसे देतांना लागतो, घेतांना कधींच लागत नाहीं. पासवर्ड कोणास सांगूं नये, व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं दुकान, पिठाची गिरणी किंवा शिवणयंत्र आहे. वडिलांनीं वर्षानुवर्षें चोख माप देऊन जी पत मिळविली, ती आतां नव्या ठिकाणीं जपण्याचें काम आपल्या हातीं येत आहे. त्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. खरें लिहिणें आणि लिहिलेलें वेळेवर दुरुस्त करणें एवढेंच लागतें. आज सायंकाळीं घरीं गेल्यावर आपल्या दुकानाचें नांव मोबाईलवर शोधून पाहा. पत्ता, वेळ व क्रमांक हीं तीन बरोबर आहेत कीं नाहींत तें तपासा, आणि चुकलीं असल्यास वडिलांपाशीं बसून नीट करा.