न्हाणीघर पाडू नकोस गं

अगं, धुराडं गळतंय म्हणून न्हाणीघरच पाडायचं तुझ्या मनात आहे, असं आईकडून कळलं. जरा थांब. तशा जांभ्याच्या भिंती आता कोण उभारून देणार तुला?

आधी गळतंय कुठून ते बघ. धुराड्यावर तपकिरी, चिकट ओघळ असतील तर तो पाऊस नव्हे. ओल्या लाकडांचा धूर आत गार होऊन निथळतो. सुकी लाकडं जाळ, कमी होईल. पण सर आली की टपटप सुरू होत असेल, तर कौलं आणि धुराडं यांचा सांधा पाहा. त्यातही आढ्याकडची बाजू. पाणी तिथेच अडतं, पाचोळा तुंबतो आणि ओल वाशांत उतरते. खात्री करायची तर आत कुणाला बॅटरी घेऊन उभं कर आणि गवंड्याला वरून तांब्याने पाणी ओतायला सांग. पण वळचणीकडून सुरुवात करून वर सरकत जायचं, नाहीतर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. तू मात्र कौलांवर चढू नकोस.

गवंडी म्हणेल, ‘ताई, सिमेंट मारून वर डांबर फासतो.’ साफ नाही म्हण. लाकडी छप्पर पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं. धुराडं जागचं हलत नाही. दोघांना सिमेंटने जखडलं की चीर पडणारच. पत्रा दोन तुकड्यांत बसवून घे. खालचा छपराबरोबर बसवून धुराड्याच्या अंगाला सहा इंच उभा वळवायचा. वरचा विटांच्या दर्जेत खोचून त्याच्यावर लोंबता सोडायचा. दोन्ही एकमेकांना खिळ्यांनी जोडू देऊ नकोस, सगळी मेख तिथेच आहे. आणि आढ्याकडे पत्रा कौलांखाली जायला हवा, वळचणीकडे कौलांवर यायला हवा. काम चालू असताना हे स्वतः उभी राहून बघ.

दर्जा चुन्यानेच भरून घे, एकास तीन वाळू. समुद्राची खारी वाळू अजिबात नको. वर आठवडाभर ओलं गोणपाट.

फुटलेल्या कौलांसाठी जुन्या पडक्या घरांची कौलं शोध. मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढला, मागोमाग कितीतरी निघाले. एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसतंच असं नाही. नमुन्याला एक अख्खं कौल बरोबर ने.

आणि शिमगा झाला की लगेच गवंड्याला सांगून ठेव. मृगाच्या तोंडावर तो कुणालाच मिळत नाही.