कुंभार्लीतून खाली, आंब्यातून वर

भाची : मामा, माझी मैत्रीण ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन आली. एक दिवस समुद्र, दुसऱ्या दिवशी डोंगरातलं गाव. सांगलीहून चार दिवसांत असं काही जमेल का हो?

मामा : न जमायला काय झालं? गुहागरला जा. जत-विट्याकडून येणारा गुहागर-विजापूर रस्ता कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूणवरून समुद्राला भिडतो. तुम्ही तो कराडला धरायचा. आम्ही सातारकर उंब्रजवरून मल्हारपेठेला धरतो. पण चार दिवसांत दहा देवळं आणि पाच किल्ले उरकायचे असतील, तर निघूच नका.

भाची : मग मुक्काम कुठे आणि किती?

मामा : एक रात्र कोयनेच्या खोऱ्यात, दोन गुहागर-हेदवीकडे. कोयनानगरला मुलांना एक गोष्ट नक्की सांग. कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी तुमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे वळवलंय. त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, समुद्राला जातं. घाट उतरताना हे पाणीही तुमच्याबरोबर उतरत असतं. मला या सगळ्या प्रवासात याहून मोठं नवल दिसत नाही.

भाची : मुलांना मे महिन्यात सुट्टी असते...

मामा : मेमध्ये आंबे मिळतील, पण दुपारी किनाऱ्यावर पाय ठेववणार नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद, म्हणजे ताज्या मासळीची आशा धरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि दिवस ठरवताना तिथी बघ.

भाची : मुहूर्त काढायचा?

मामा : मुहूर्त नव्हे गं, भरतीची वेळ. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं.

भाची : त्याचा आम्हाला उपयोग काय?

मामा : हेदवीला समुद्राकाठच्या कातळात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तीत घुसतं आणि उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी घळ बघून परत याल. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते आणि ती ऐन दुपारी येते. पण घळीच्या काठावर उभं राहायचं नाही, कातळ निसरडा असतो. पोहण्याचंही तसंच. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना बाहेर काढायचं. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेच पाण्यात उतरायचं नाही.

भाची : गावात राहायचं म्हणजे हॉटेल?

मामा : नको, घरगुती सोय बघ. नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर, सकाळी घावन, दुपारी सोलकढी. डोळे भरून कोकण बघायचं तर वाडीतच राहावं. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, कारण माणसं मोजूनच रांधतात.

भाची : आणि येताना परत कुंभार्लीच चढायचा?

मामा : नाही. हेदवीवरून तवसाळला जा, तिथून गाडीसकट फेरीबोटीने जयगड. पुढे गणपतीपुळे, आणि मग आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर, सांगली. आता कालनिर्णय काढ, डिसेंबरची पौर्णिमा कोणत्या वारी येते ते बघ आणि शाळेत दोन दिवसांची रजा आजच टाक.