निद्रा, पडदा आणि मध्यम वयातील चयापचय

बंगळूरच्या वायव्येस असलेले यशवंतपूर आज त्या शहरात पूर्णपणे मिसळून गेले आहे. तेथील रेल्वे स्थानकावर रात्रभर गाड्यांची ये-जा चालू असते. जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीही चालते. अशा वस्तीत रात्र म्हणजे विश्रांती हे जुने समीकरण सहजच सैल होते. काही लोकांना काम जागे ठेवते; इतरांना मोबाइल, संगणक किंवा दूरचित्रवाणी यांचा प्रकाशमान पडदा. या जागरणाचा अन्नाच्या पचनोत्तर व्यवहाराशी, म्हणजे चयापचयाशी, काय संबंध आहे आणि मध्यम वयात तो अधिक महत्त्वाचा का ठरतो, हे येथे पाहावयाचे आहे.

शरीरातील घड्याळ

लाजाळूसारख्या वनस्पतीचे रोप अंधारात ठेवले तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडतात व मिटतात, असे द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली नोंदविले. सजीवांच्या अंगी कालगणनेची स्वतंत्र यंत्रणा असते, याची ती पहिली खूण होय. या यंत्रणेचे पेशींतील रहस्य उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन संशोधकांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते दररोज जुळविले जाते. यकृत, स्वादुपिंड व स्नायू यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती बव्हंशी मुख्य घड्याळाच्या मागोमाग चालतात. म्हणूनच तेच जेवण सकाळी घेतले असता रक्तातील साखर जितकी वाढते, त्याहून ती रात्री अधिक वाढते. रात्री शरीर साखर हाताळण्यास तितकेसे सज्ज नसते.

अपुऱ्या झोपेचे परिणाम

शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले गेले. पुरेशी झोप मिळाल्यानंतरच्या स्थितीशी तुलना करता, त्यांच्या रक्तातील साखर उतरण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावलेला आढळला. सायंकाळी एरवी उतरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही चढेच राहिले.

हे तर तरुण होते. मध्यम वयात एक अडचण आणखी येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १४९ निरोगी पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले की, १६ ते २५ या वयात एकूण झोपेपैकी सुमारे १९ टक्के भाग गाढ निद्रेचा असतो. ३६ ते ५० या वयात तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. ज्याच्या गाठीची पुंजी मुळातच आटली आहे, त्याला उधळपट्टी कशी परवडावी?

पडद्याचा वाटा

डोळ्याच्या आतील पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, काही पेशी अशा असतात की ज्या निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. दिवस आहे की रात्र, ही वार्ता त्या मेंदूतील घड्याळास पोहोचवितात. रात्री असा प्रकाश मिळाला की रात्रीची सूचना देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. बॉस्टन येथील एका प्रयोगात १२ व्यक्तींनी पाच सायंकाळी चार-चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केले. छापील पुस्तकाच्या वाचनाशी तुलना करता, त्यांचे मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले, शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले आणि झोप लागण्यास सरासरी दहा मिनिटे अधिक लागली.

यावरून सर्व दोष प्रकाशावर ढकलणे मात्र योग्य नव्हे. त्या प्रयोगात खोली अंधुक होती आणि पडदा पूर्ण उजळलेला होता. प्रत्यक्षात पडद्याचे मोठे अपहरण प्रकाशाचे नसून वेळेचे असते. अकराला संपवावयाचे पाहणे साडेबारापर्यंत लांबते, सकाळची उठण्याची वेळ तर बदलत नाही, आणि जागरणाच्या सोबतीला चिवड्याची बशी येते. झोप घटते आणि अन्नही भलत्या वेळी पोटात जाते.

भारतीय शरीराची विशेष अडचण

२००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. यूडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसावयास सडपातळ असणारा भारतीय आतून तसा असतोच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील ११.४ टक्के प्रौढांस मधुमेह असल्याचे, तर आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्वाधिक होते. याची कारणे अनेक आहेत. आहार, व्यायामाचा अभाव व आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहे. निद्रा हे त्यांपैकी एक कारण होय. तथापि तेच बहुधा दुर्लक्षिले जाते.

काय करावे

प्रौढाने रात्री किमान सात तास झोपावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सकाळचा उजेड अंगावर घ्यावा, रात्रीचे जेवण लवकर उरकावे आणि निजण्यापूर्वी तासभर पडदा दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्रपाळी ज्यांना टाळता येत नाही, त्यांनी दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत झोप पुरी करावी आणि मध्यरात्रीचे भरपेट जेवण टाळावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, दिवसा पेंग येणे ही लक्षणे असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा. पडद्याची सवय स्वतःहून सुटत नसेल, तर साहाय्य घेण्यात कमीपणा नाही; बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ साली स्वतंत्र सेवा सुरू झाली.

हा प्रयत्न निष्फळ नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कमी झोपणाऱ्या व वजन जास्त असलेल्या ८० व्यक्तींपैकी निम्म्यांना झोप वाढविण्याविषयी मार्गदर्शन मिळाले. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाने वाढली. आणि आहाराचे कोणतेही बंधन नसताना, इतरांच्या तुलनेने त्यांचे दैनिक खाणे सुमारे २७० कॅलरींनी घटले. ते २१ ते ४० वयाचे होते, म्हणून हा आकडा मध्यम वयास जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे.

वाचकाने एक आठवडा निजण्याची, उठण्याची, शेवटच्या घासाची आणि पडदा बंद केल्याची वेळ वहीत लिहून पाहावी. आपल्या रात्रीतील किती वेळ खरोखर कामाने घेतला आणि किती आपण होऊन दिला, हे त्या चार रकान्यांवरून ध्यानी येईल. कामाने घेतलेला वेळ परत मिळविणे अनेकांच्या हाती नसते. दिलेला वेळ मात्र बहुतेकांस परत घेता येतो.